उतरण्यापूर्वी परतीचा हिशेब

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत बंदराच्या नावापुढे ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ असे छापलेले असते आणि वाचणारा मनातल्या मनात नऊ तासांचे बेत आखून मोकळा होतो. ते आकडे मात्र जहाजाचे असतात. आठ वाजता जहाज धक्क्याला लागते. त्यानंतर दोर बांधले जातात, गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरण्याचा जिना, लावला जातो, स्थानिक अधिकारी जहाजाची कागदपत्रे पाहून परवानगी देतात आणि मगच पहिला प्रवासी जमिनीवर पाय ठेवतो. एवढे सगळे अर्ध्या तासात आटोपले तर नशीब म्हणायचे. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजात ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. इतक्या मोठ्या जहाजांवर उतरण्याची रांग गँगवेपाशी नव्हे, तर वरच्या मजल्यावरच्या लिफ्टपाशीच सुरू होते. दिवसाच्या दुसऱ्या टोकालाही अशीच काटछाट होते. पाचला जहाज सुटणार असेल, तर प्रवाशांनी साडेचारला, आणि काही ठिकाणी चारलाच, आत असावे लागते. नऊ तासांचे सात कधी झाले, हे कळतही नाही.

म्हणून बंदरातला दिवस शेवटाकडून मोजावा, असे माझे ठाम मत झाले आहे. प्रवासाच्या इतर दिवशी आपण कुठे जायचे ते आधी ठरवतो आणि परतायचे नंतर बघतो. इथे परतायची वेळ पक्की असते आणि बाकी सारे तिच्या आधीच्या फटीत बसवायचे असते. जहाजात असण्याच्या शेवटच्या वेळेतून तासभर राखीव काढून ठेवायचा, त्याआधीचा परतीचा प्रवास वजा करायचा, प्रेक्षणीय स्थळातून बाहेर पडून स्टेशनापर्यंत किंवा गाडीपर्यंत पोहोचण्याचा वेळ वजा करायचा, आणि मग जे उरेल त्याला आपला दिवस म्हणायचे. हा हिशेब कागदावर मांडला की निम्मे बेत आपोआप गळून पडतात, आणि ते गळावेत हेच बरे.

रोमचे उदाहरण घेऊ, कारण भूमध्य समुद्रातल्या सफरींवर ते हमखास असते. जहाज रोमला जात नाही. ते जाते चिविताव्हेकियाला, आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. समजा, जहाज सकाळी ७ ते संध्याकाळी ७ थांबणार आहे. साडेसहाला आत असायचे, म्हणजे तासभर राखून साडेपाचला बंदराच्या फाटकाशी यायला हवे. स्टेशनापासून फाटकापर्यंत यायला, चालणे आणि वाट पाहणे धरून, पाऊण तास धरला तर पावणेपाचला गाडीतून उतरायला हवे. प्रादेशिक गाडीला एक तास ते सव्वा तास लागतो, म्हणजे रोमहून साडेतीनच्या आत निघायचे. सकाळच्या बाजूने पाहिले, तर पावणेआठला उतरून, बंदरातली बस घेऊन, तिकीट काढून रोममध्ये पोहोचेपर्यंत दहा वाजतात. बारा तासांच्या मुक्कामात रोम वाट्याला येते साडेपाच तास. त्यात व्हॅटिकनची संग्रहालये किंवा कलोसियम यांपैकी एक नीट पाहून होते. दोन्ही पाहू पाहणारा दोन्हीकडच्या रांगा पाहून येतो. व्हॅटिकन निवडले असेल, तर सान पिएत्रो या स्टेशनावर उतरावे. मुख्य स्टेशनापर्यंत जाऊन उलटे येण्याचा वेळ वाचतो. आणि त्या दिवशी रविवार असेल, तर महिन्यातला शेवटचा रविवार वगळता ही संग्रहालये बंद असतात. जहाजाचे वेळापत्रक ठरवणाऱ्याला वाराशी काही देणेघेणे नसते, ते आपले आपणच पाहायचे. युरोपातली कितीतरी संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि पॅरिसचे लूव्र मंगळवारी. सफरीची तारीख हाती आली की आधी वार बघावा.

राखीव ठेवलेला तो एक तास अनेकांना भित्रेपणा वाटतो. आपल्यासारखे आणखी पन्नासजण बाहेर असतील, तर जहाज थोडे थांबेलच, असा एक भाबडा समज असतो. जहाज का थांबत नाही, हे एकदा समजून घेतले की तो समज टिकत नाही. मोठ्या जहाजाला बंदरातून बाहेर काढण्यासाठी त्या बंदराचा पायलट, म्हणजे तिथले पाणी ओळखणारा वाटाड्या, ठरलेल्या वेळी जहाजावर यावा लागतो, गरज असेल तिथे टगबोटी लागतात, धक्क्यावर दोर सोडणारी माणसे लागतात, आणि या सगळ्यांच्या वेळा आधीपासून बांधलेल्या असतात. काही बंदरांत भरती-ओहोटीचे गणित सांभाळावे लागते, काही ठिकाणी त्याच धक्क्यावर पुढचे जहाज यायचे असते. शिवाय उद्याच्या बंदरातली जागाही वेळेवर राखलेली असते, आणि इथे वाया गेलेला वेळ रात्रभर जास्त वेगाने इंजिने चालवून, म्हणजेच जास्त इंधन जाळून, भरून काढावा लागतो. दोन प्रवाशांसाठी कप्तानाने हे सगळे विसकटावे, अशी अपेक्षा करणे चूकच.

आता अंतराविषयी. कार्यक्रमपत्रिकेत मोठ्या शहराचे नाव ठळक असते आणि बंदराचे नाव बारीक अक्षरांत. ‘पॅरिस’ असे लिहिलेले असते तेव्हा जहाज ल हाव्रला लागते; तिथून पॅरिस सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि आगगाडीने एका बाजूला दोन तासांहून अधिक लागतात. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, जिथून जाऊन-येऊन जवळपास सहा तास गाडीतच जातात. ‘बँकॉक’ म्हणजे पुष्कळदा लाम चबांग, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि वाटेत त्या शहराची प्रसिद्ध वाहतूक कोंडी. व्हेनिसचे प्रकरण तर आणखी वेगळे आहे. २०२१ च्या १ ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी घालण्यात आली. त्या शहराच्या पायांखालचे लाकडी खांब आणि आजूबाजूचे खारकच्छ पाहता ही बंदी योग्यच होती. परिणाम असा, की ‘व्हेनिस’ असे नाव असलेल्या कित्येक सफरी आता रावेन्नाहून किंवा त्रिएस्तेहून सुटतात. रावेन्नापासून व्हेनिस बसने दोन तासांहून जास्त आहे. तिकीट काढताना ही बारीक अक्षरे वाचली नाहीत, तर एका दिवसाचा मोठा भाग महामार्गावर बसच्या खिडकीतून पाहण्यात जातो.

मग करायचे काय? माझे म्हणणे थोडे अप्रिय वाटेल: अंतर दोन तासांच्या पलीकडे असेल, आणि ते शहर पुन्हा कधीतरी स्वतंत्रपणे पाहण्याची थोडीही शक्यता असेल, तर त्याचा नाद सोडावा आणि जिथे जहाज लागले आहे ते गाव पाहावे. बंदराची गावे ही नुसती वाहनतळे नव्हेत. ल हाव्रचेच पाहा. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये बॉम्बवर्षावात त्याचा मध्यभाग जमीनदोस्त झाला, आणि युद्धानंतर ओग्यूस्त पेरे या वास्तुविशारदाने तो काँक्रीटमध्ये नव्याने उभारला. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. तिथले सेंट जोसेफचे चर्च बाहेरून दीपस्तंभासारखे करडे आणि कठोर दिसते. त्याचा मनोरा १०७ मीटर उंच आहे. आत जाऊन मधोमध उभे राहून वर पाहिले, की तो मनोरा आतून पूर्ण पोकळ असल्याचे दिसते आणि बारा हजारांहून अधिक रंगीत काचांमधून उजेड खाली झिरपत असतो. सकाळच्या बाजूचा रंग एक, दुपारच्या बाजूचा दुसरा. बाकावर बसून राहिले तर काँक्रीटच्या खांबावरचा केशरी डाग हळूहळू सरकताना डोळ्यांना दिसतो. पॅरिसला गेलेल्या बसमधली मंडळी त्या वेळी कदाचित एखाद्या टोलनाक्यावर असतात. चिविताव्हेकियालाही समुद्राकाठी सोळाव्या शतकातला भक्कम किल्ला आहे, आणि लिव्होर्नोला, जिथून सारे पिसा आणि फ्लॉरेन्सकडे धावतात, कालव्यांचा एक जुना मोहल्ला आहे, जिथे सहलीच्या बस फिरकत नाहीत.

याच्या उलट, काही बंदरे अशी आहेत की तिथे बस करणे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही घालवणे. माल्टाची राजधानी व्हॅलेटा, तिच्या धक्क्यावरून थोडे चालले, की अठ्ठावन्न मीटर उंचीची लिफ्ट थेट वरच्या बागेत, म्हणजे शहरात, नेऊन सोडते. नेपल्सचा धक्का जुन्या शहराला चिकटून आहे. पिरेअसहून अथेन्सला मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत जाता येते; फक्त क्रूझ टर्मिनलपासून मेट्रो स्टेशनपर्यंतचे चालणे बरेच असते, ते हिशेबात धरावे. माँटेनेग्रोतल्या कोटोरला तर जहाजातून उतरून रस्ता ओलांडला की समोर तटबंदीचा दरवाजा, आणि ज्याच्या गुडघ्यांत जोर असेल त्याच्यासाठी डोंगरावरच्या किल्ल्यापर्यंत तेराशेहून अधिक पायऱ्या. या पायऱ्या ऊन चढण्यापूर्वी चढाव्यात. नंतर चढणारे लोक मध्यावर सावलीसाठी भिंतीला टेकून बसलेले दिसतात.

जिथे धक्का नाही किंवा तो पुरेसा खोल नाही, तिथे जहाज दूर थांबते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात, आणि कार्यक्रमपत्रिकेत बंदराच्या नावापाशी नांगराचे छोटे चित्र किंवा ‘टेंडर’ हा शब्द असेल, तर दिवसाचा हिशेब पुन्हा करावा लागतो. सकाळी बोटीसाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात. जहाजाच्या सहलींवर जाणाऱ्यांना आधी नेतात आणि स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांची पाळी नंतर येते. पहिल्या दीड-दोन तासांची गर्दी ओसरली की चिठ्ठीशिवायही जाता येते, म्हणून ज्याला घाई नाही त्याने निवांत न्याहारी करून निघावे. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटासारख्या ठिकाणी क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. तिथे सगळा कारभार असाच चालतो.

जहाजाच्या पोटातल्या दारातून बोटीत पाय टाकण्याचा क्षण मी जवळून निरखला आहे. समुद्र शांत दिसत असला, तरी बोट एक-दोन फूट वरखाली होत असते. दाराशी दोन खलाशी उभे असतात, आणि ते हात पुढे करत नाहीत. ते प्रवाशाचा हात कोपराखाली घट्ट धरतात आणि प्रवाशालाही त्यांचा हात तसाच धरायला सांगतात, कारण तळव्याची पकड घामाने सुटते. बोट वर येऊन उंबरठ्याच्या पातळीला आली की ते एक शब्द उच्चारतात आणि त्या क्षणी एक पाऊल टाकायचे. उडी मारायची नाही, खाली पाहत थबकायचेही नाही, दोन्ही हात मोकळे हवेत आणि पिशवी पाठीवर. ज्यांना एक पायरी चढणेही कष्टाचे आहे किंवा जे चाकांच्या खुर्चीवर आहेत, त्यांनी आदल्या दिवशीच चौकशी करावी. लाटा जास्त असतील, तर अशा प्रवाशांना उतरू देत नाहीत, आणि हा नियम त्यांच्या भल्याचाच असतो.

टेंडरच्या बंदरांत सर्वांत जास्त अंदाज चुकतात ते सांतोरिनी या ग्रीक बेटावर. जहाजे ज्या ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात थांबतात, तिथले पाणी इतके खोल आहे की बहुतेक ठिकाणी नांगर टाकणेही कठीण. छोटी बोट कड्याच्या पायथ्याशी सोडते आणि फिरा हे गाव असते दोनशेहून अधिक मीटर वर. वर जायला तीन मार्ग: केबल कार, सहाशेच्या आसपास पायऱ्या, किंवा त्याच पायऱ्यांवरून खेचरे. खेचरांच्या वाट्याला न जाणेच बरे. भर उन्हात दिवसभर माणसे वाहणाऱ्या त्या जनावरांकडे पाहवत नाही, आणि त्यांच्यामुळे पायऱ्या चालणाऱ्यांसाठीही निसरड्या होतात. सकाळी वर जायला रांग असते ती सहन होते, कारण पुढे दिवस असतो. खरी कसोटी परतीची. दुपारी तीन-चार जहाजांचे लोक एकाच वेळी खाली यायला निघतात, केबल कारच्या दाराशी उभी राहिलेली रांग गल्लीतून वळून पुढच्या गल्लीत जाते आणि तास-दीड तास खाते. त्या दिवशी किती जहाजे आहेत हे पाहून केबल कारसाठी दीड तास बाजूला ठेवावा, किंवा पायऱ्यांनी खाली उतरण्याची तयारी ठेवावी. उतरायला अर्धा तास पुरतो, फक्त तळ न घसरणारी पादत्राणे हवीत. ओइया गावाला जाणारी बस याच हिशेबात बसली तर जावे. न बसली, तर फिराहून उत्तरेकडे कड्याच्या कडेने चालत जावे, गर्दी दहा-पंधरा मिनिटांत मागे पडते.

एका दिवशी किती जहाजे आहेत, हे शोधणे अवघड नसते. बहुतेक बंदरांची वेळापत्रके इंटरनेटवर जाहीर असतात. बंदरांनाही आता गर्दी सोसवेनाशी झाली आहे: डुब्रोव्हनिकने एका वेळी दोन जहाजांची मर्यादा घातली, अलास्कातल्या जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची, आणि सांतोरिनीने दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची. या मर्यादाही काही लहान नाहीत. छोट्या गावात सकाळी दहाला पाच-सहा हजार माणसे उतरतात, मुख्य गल्लीतून एकाच दिशेने चालतात, थोडीशी खरेदी करतात आणि जेवायला जहाजावर परत जातात, कारण तिथले जेवण भाड्यात धरलेले असते. गावकऱ्यांना याचा त्रास वाटला, तर नवल नाही. निदान एका जागी बसून काही खावे-प्यावे, कुणाच्या दारापुढच्या पायरीवर घोळका करून बसू नये, इतके पथ्य पाळता येते. सहलीच्या बस साधारण नऊच्या सुमारास सुटतात आणि दुपारी परततात, म्हणून प्रसिद्ध ठिकाण आधी गाठायचे किंवा अगदी शेवटी. मधल्या वेळेत गावाच्या मागच्या अंगाला जावे. जहाजावर जे ‘शिफारस केलेल्या दुकानां’चे नकाशे वाटतात, त्यांतल्या दुकानांनी त्या जाहिरातीपोटी पैसे मोजलेले असतात, हेही लक्षात असू द्यावे.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतःचे स्वतः फिरावे, या प्रश्नावर लोक हिरिरीने वाद घालतात. जहाजाच्या सहली महाग असतात, चाळीस-पन्नास जणांच्या बसमध्ये निम्मा वेळ मोजदादीत जातो, हे खरे आहे. पण त्या किमतीत एक हमी असते: सहलीची बस उशिरा आली, तर जहाज थांबते, आणि थांबणे शक्यच नसेल तर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. ही हमी कुठे लागते आणि कुठे नाही, एवढेच ठरवायचे. लांब अंतर, एकच रस्ता, कोंडीचे शहर किंवा संपांसाठी ख्यात असलेली रेल्वे असेल, तर ही हमी विकत घ्यावी. गाव पायी फिरण्याजोगे असेल, तर ती विकत घेणे म्हणजे घराच्या अंगणात जायला वाटाड्या नेमणे. मधला मार्ग म्हणजे स्थानिक सहल-चालक, जे जहाजांच्या वेळा तोंडपाठ असल्याने सहसा वेळेवर परत आणतात. त्यांच्याकडे आगाऊ पैसे भरताना, जहाज बंदरात आलेच नाही तर पैसे परत मिळतील का, हे लेखी विचारून घ्यावे.

आणि जहाज बंदरात येत नाही, असे होते. क्रूझ जहाजाच्या उंच सपाट बाजू वाऱ्यापुढे शिडाचे काम करतात, आणि अरुंद धक्क्याशी वाऱ्याचा जोर ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की कप्तान बंदर वगळतो. टेंडरच्या ठिकाणी तर मध्यम लाटाही पुरतात. अशा वेळी प्रवाशांना साधारणपणे त्या बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते, भाडे नाही. स्वागतकक्षापाशी जाऊन आवाज चढवण्यात काही हशील नसते, तिथल्या मुलांनी वादळ आणलेले नसते.

वेळेविषयी एक घोळ फार लोकांना नडतो. जहाजाची वेळ आणि गावाची वेळ एकच असेल, असे नाही. मेक्सिकोतल्या कोझुमेलचे उदाहरण चांगले आहे. तो भाग २०१५ पासून वर्षभर एकाच प्रमाणवेळेवर चालतो आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. फ्लोरिडाहून उन्हाळ्यात निघालेले जहाज मात्र आपले घड्याळ बदलत नसेल, तर गावापेक्षा तासभर पुढे असते. खिशातला फोन गावाचे नेटवर्क पकडून आपणहून स्थानिक वेळ दाखवू लागतो. फोनवर तीन वाजलेले असतात तेव्हा जहाजावर चार. म्हणून साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे आणि गँगवेच्या तोंडाशी जो फलक उभा केलेला असतो, ज्यावर आत येण्याची शेवटची वेळ मोठ्या आकड्यांत लिहिलेली असते, त्याचा उतरतानाच फोटो काढावा. तिथेच पहारेकरी कार्ड यंत्राला लावतो, यंत्र टिंग करते, पडद्यावर आपला फोटो उमटतो आणि तो आधी फोटोकडे, मग आपल्याकडे पाहतो. कोण बाहेर आहे आणि कोण आत, याचा हिशेब जहाजाला मिनिटामिनिटाला ठाऊक असतो तो या टिंगमुळे.

फोटो धक्क्याच्या नावाचाही काढावा. सिंगापूरला क्रूझ जहाजे मरीना बे आणि हार्बरफ्रंट अशा दोन निरनिराळ्या ठिकाणी लागतात, सिडनीला सर्क्युलर की आणि व्हाइट बे येथे. टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझ टर्मिनल’ म्हटले, तर तो आपल्या अंदाजाने नेणार. मालवाहू बंदरांत, उदाहरणार्थ लिव्होर्नोला, धक्क्यावरून पायी चालता येत नाही आणि फाटकापर्यंत बसनेच जावे लागते. त्या बसचीही संध्याकाळी रांग असते.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्याच, पण त्या विसरून चालत नाहीत. जहाजाचे कार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र, कारण २००४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेमुळे बंदराच्या फाटकावर तपासणी होते. मूळ पासपोर्ट न्यायचा की नाही, हे त्या त्या देशाच्या नियमांवर ठरते आणि आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात ते दिलेले असते. न्यायचा नसेल, तर त्याच्या पानाचा फोटो जवळ हवाच. व्हिसा लागत असेल, तर तो अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे सफरीच्या कित्येक आठवडे आधी पाहावे, कारण एकाच सफरीत जहाज एखाद्या देशाबाहेर पडून पुन्हा तिथेच येते. नेहमीची औषधे एक-दोन दिवसांची तरी पिशवीत असावीत. त्याच पत्रकात स्थानिक प्रतिनिधीचा, म्हणजे पोर्ट एजंटचा, दूरध्वनी क्रमांक असतो. तो कागदावर लिहून घ्यावा, कारण फोनची बॅटरी नेमकी हवी तेव्हा संपते. न्याहारीच्या टेबलावरचे फळ मात्र जहाजावरच राहू द्यावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एखादे विसरलेले सफरचंदही दंडाला कारण होते. न्यूझीलंडमध्ये तो जागच्या जागी ४०० डॉलरचा असतो. आणि जहाज बंदर सोडू लागले की फोन विमान-मोडवर टाकावा, कारण खोल समुद्रात तो जहाजावरच्या उपग्रहाधारित नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंग योजनेत बहुधा धरलेले नसतात.

इतके करूनही जहाज चुकलेच तर? पहिला फोन पोर्ट एजंटला. उशीर होणार हे कळताच, जहाज सुटण्यापूर्वी फोन केला तर अधिक चांगले; प्रवासी परतलेला नाही हे लक्षात आल्यावर कर्मचारी अनेकदा केबिनमधल्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे सोपवतात आणि पुढचे सगळे त्यामुळे सुकर होते. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च प्रवाशाचा. शिवाय पुढच्या बंदरात पुन्हा चढता येईलच, असेही नाही. अमेरिकेत १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजांना एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरापर्यंत प्रवासी नेण्यावर निर्बंध आहेत, आणि मधूनच चढणे त्या निर्बंधात अडकू शकते. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एजंटला विचारावे. प्रवास विमा काढताना त्यात जहाज चुकण्याची तरतूद आहे का, तेही पाहावे.

आणखी एक पर्याय असतो, जो लोक विचारातच घेत नाहीत: न उतरणे. लागोपाठ चार बंदरे झाल्यावर पाचव्या दिवशी पाय बोलू लागतात, आणि पाचवे बंदर चौथ्यासारखेच असेल, तर जहाजावर राहण्यात कमीपणा नाही. सगळे उतरलेले असतात, पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्या रिकाम्या असतात, लिफ्ट एका दाबात येते. फक्त जहाजावरची दुकाने आणि कॅसिनो बंदरात बहुधा बंद राहतात. शिवाय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा कवायती याच वेळी घेतल्या जातात, त्यामुळे सकाळी अकराच्या सुमारास एकाएकी भोंगे वाजले आणि बाहेर जीवरक्षक नौका दोरांवरून खाली उतरताना दिसल्या, तर घाबरून केबिनकडे धावण्याआधी ध्वनिवर्धकावरची सूचना पूर्ण ऐकून घ्यावी; कवायत असेल तर तसे आधी सांगतात.